सर्वनामांचा पहारेकरी

इंग्लंडमधील चॅटमच्या लष्करी छावणीत १७८४ साली भरती झालेला एकवीस वर्षांचा एक शिपाई पहाऱ्यावर उभा राहिला, की मनाशी काहीतरी घोकत असे. ती प्रार्थना नव्हती, की एखादे गाणेही नव्हते. रॉबर्ट लौथ या धर्मगुरूने १७६२ साली प्रसिद्ध केलेले इंग्रजी भाषेचे छोटेखानी व्याकरण तो आरंभापासून अखेरपर्यंत पाठ म्हणत असे. हे पुस्तक त्याने आधी दोन-तीन वेळा स्वतःच्या हाताने उतरवून काढले होते. मग ते मुखोद्गत केले आणि पुढे प्रत्येक पहाऱ्यावर त्याची एक आवृत्ती करायची, असा नेमच त्याने घालून घेतला. या शिपायाचे नाव विल्यम कॉबेट. इंग्लंडच्या राजकारणाला आणि पत्रकारितेला पुढे अनेक वर्षे हादरे देणारा हा माणूस आयुष्यभर एका गोष्टीवर ठाम राहिला. वाक्ये एकमेकांना जोडणारे लहानसहान शब्द ज्याच्या ताब्यात आहेत, त्याला कोणी सहजासहजी फसवू शकत नाही, ही ती गोष्ट.

कॉबेटचा जन्म ९ मार्च १७६३ रोजी सरे परगण्यातील फार्नम या गावी झाला. वडील शेतकरी होते आणि एक मद्यगृहही चालवीत. शाळेचा लाभ मुलाला जवळजवळ झालाच नाही. वाचणे-लिहिणे त्याला वडिलांनीच शिकवले. पाखरे हाकणे, तण उपटणे, नांगरामागे चालणे यांत त्याचे बालपण गेले. अकराव्या वर्षी तो घरातून निघाला आणि राजाच्या क्यू येथील बागेत काम मिळवण्यासाठी पायी चालत सुटला. वाटेत रिचमंड गावी एका दुकानाच्या खिडकीत त्याला जोनाथन स्विफ्टचे ‘अ टेल ऑफ अ टब’ हे पुस्तक दिसले. किंमत होती तीन पेन्स, आणि खिशात उरलेही होते तेवढेच. रात्रीचे जेवण की पुस्तक, असा प्रश्न होता. मुलाने पुस्तक घेतले, गवताच्या गंजीशेजारी बसून अंधार पडेपर्यंत ते वाचले आणि तो उपाशीच झोपी गेला. पुस्तकातले फारसे काही त्याला कळले नव्हते. पण आपल्या बुद्धीचा खरा जन्म त्या संध्याकाळी झाला, असे तो पुढे मानत असे.

चॅटममधील दिवस कष्टाचे होते. शिपायाचा रोजचा पगार सहा पेन्स. आठवड्याचा बाजारखर्च वजा जाता हातात दोन पेन्स उरत. त्यातूनच कागद, लेखणी आणि शाई घ्यायची. बिछान्याची कड ही त्याची बैठक, पाठीवरची पिशवी हे पुस्तकांचे कपाट आणि मांडीवरची फळी हे मेज होते. हिवाळ्यात मेणबत्तीला पैसे नसत, म्हणून शेकोटीच्या उजेडात, तोही आपली पाळी आली की, वाचायचे. आजूबाजूला सोबत्यांची भांडणे, गाणी आणि शिट्ट्या चालूच असत. एकदा दुसऱ्या दिवशी मासा घेण्यासाठी राखून ठेवलेले अर्ध्या पेनीचे नाणे हरवले, तेव्हा हा धिप्पाड तरुण पांघरुणात तोंड खुपसून लहान मुलासारखा रडला होता. छावणीचा प्रमुख कर्नल डेबिग याच्या पत्रांच्या नकला करण्याचे काम त्याच्याकडे आले होते. अक्षर सुरेख, पण भाषा अशुद्ध, हे कर्नलच्या ध्यानात आले आणि व्याकरण शिकण्याचा सल्ला त्यानेच दिला.

या अभ्यासाचे फळ लवकरच दिसले. पलटण कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात गेली, तेव्हा कॉबेट झपाट्याने सार्जंट-मेजरच्या पदापर्यंत पोहोचला. हुद्द्याने वरचे असलेले कित्येक अधिकारी साधा अहवालही नीट लिहू शकत नसत. ते काम या शेतकऱ्याच्या मुलाकडे येई. पलटणीचे हिशेब हाताळताना काही अधिकारी शिपायांच्या वाट्याचे पैसे खातात, हे त्याला दिसले. त्याने नोंदींच्या नकला गुपचूप करून ठेवल्या. १७९१ साली इंग्लंडला परतून लष्करातून मुक्तता मिळवताच त्याने रीतसर आरोप केले. मात्र खटला उभा राहण्याची वेळ आली, तेव्हा आपल्यालाच अडकवण्याचा डाव आहे अशी शंका त्याला आली आणि १७९२ च्या मार्चमध्ये त्याने फ्रान्स गाठला. त्याच वर्षी ५ फेब्रुवारीला त्याचे ॲन रीडशी लग्न झाले होते. न्यू ब्रन्सविकमध्ये असताना त्याने साठवलेल्या दीडशे गिनी तिच्या हवाली केल्या होत्या. इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या घरी राबून पोट भरणाऱ्या त्या मुलीने त्यातल्या एकाही नाण्याला हात न लावता ती रक्कम त्याला परत केली होती.

फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटलेला होता. तिथे काही महिने काढून हे जोडपे अमेरिकेला गेले. फिलाडेल्फियात कॉबेटने उपजीविकेसाठी फ्रेंच निर्वासितांना इंग्रजी शिकवण्यास सुरुवात केली आणि त्यांच्यासाठी १७९५ साली ‘ल त्युतर आंग्ले’ हे इंग्रजीचे पाठ्यपुस्तक काढले. पाठांतराने आत्मसात केलेली भाषा आता त्याला परक्यांना उलगडून सांगावी लागत होती. फ्रेंच भाषेत प्रत्येक वस्तूला लिंग असते. तिथून येणाऱ्याला इंग्रजीत सगळ्या निर्जीव वस्तूंसाठी एकच सर्वनाम वापरायचे, ही गोष्ट नवी होती. याच काळात ‘पीटर पॉर्क्युपाइन’ म्हणजे साळिंदर, या टोपणनावाने त्याने राजकीय लेखन सुरू केले आणि नावाप्रमाणे तो सर्वांना टोचू लागला. पीतज्वरावर रोग्यांचे भरमसाट रक्त काढणाऱ्या डॉ. बेंजामिन रश यांच्यावर त्याने झोड उठवली. त्यावरून झालेल्या बदनामीच्या खटल्यात १७९९ साली त्याला पाच हजार डॉलर भरण्याचा हुकूम झाला. १८०० साली तो मायदेशी परतला.

लंडनमध्ये १८०२ साली त्याने ‘पोलिटिकल रजिस्टर’ हे साप्ताहिक सुरू केले. ते त्याच्या मृत्यूपर्यंत चालले. संसदेतील भाषणांचे वृत्तांत संकलित करून छापण्याचा उद्योगही त्यानेच आरंभला. पुढे आर्थिक अडचणीमुळे तो त्याला हॅन्सर्ड या मुद्रकाला विकावा लागला आणि ब्रिटिश संसदेचे अधिकृत इतिवृत्त ‘हॅन्सर्ड’ या नावाने ओळखले जाऊ लागले. आरंभी राजनिष्ठ असलेला कॉबेट सत्तेची आतली बाजू पाहत गेला, तसा तिचा कडवा टीकाकार बनला. १८०९ साली ईली येथे वेतनाबाबत तक्रार करणाऱ्या स्थानिक शिपायांना जर्मन सैनिकांच्या पहाऱ्यात फटके मारण्यात आले. त्यावर कॉबेटने जळजळीत लिहिले. किंग्ज बेंच न्यायालयाने १८१० साली त्याला दोन वर्षे कैद आणि एक हजार पौंड दंड ठोठावला. न्यूगेट तुरुंगातून त्याने साप्ताहिक चालवले आणि मुलांचे शिक्षणही पत्रांद्वारे चालू ठेवले.

नेपोलियनशी चाललेले युद्ध १८१५ साली संपले. पण बेकारी आणि महागाईने इंग्लंडचा कष्टकरी वर्ग पिळून निघाला. ‘रजिस्टर’ची किंमत एक शिलिंगाहून अधिक होती. १८१६ च्या नोव्हेंबरमध्ये कॉबेटने कारागीर आणि मजुरांना उद्देशून लिहिलेला लेख स्वतंत्रपणे दोन पेन्सात विकायला काढला आणि तो हजारोंच्या हाती गेला. विरोधकांनी या स्वस्त अंकांची दोन पेन्सांचा कचरा म्हणून हेटाळणी केली. कॉबेटने ते नाव आनंदाने मिरवले. गावोगावचे लोक मताधिकारासाठी संसदेकडे अर्ज पाठवू लागले. मात्र अर्जाची भाषा हीच एक भिंत होती. १७९३ साली शेफिल्डच्या नागरिकांचा अर्ज सभागृहाने भाषा अनादराची असल्याचे सांगून फेटाळला होता. लॅटिन आणि ग्रीक शिकलेल्यांचीच भाषा ती शुद्ध भाषा, आणि शुद्ध भाषा ज्याला येत नाही त्याच्या विचारांनाही किंमत नाही, असा त्या काळचा समज होता. १८१७ च्या मार्चमध्ये हेबियस कॉर्पसचा कायदा स्थगित झाला आणि खटल्याविना तुरुंगात डांबण्याची मुभा सरकारला मिळाली. न्यूगेट पुन्हा भोगण्याऐवजी कॉबेटने लिव्हरपूलहून अमेरिकेचे जहाज पकडले.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर भाड्याने घेतलेल्या शेतावर त्याने जे पुस्तक पुरे केले, ते ना जाहीरनामा होता, ना आत्मसमर्थन. ते इंग्रजीचे व्याकरण होते. १८१८ साली ते न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले आणि लगोलग लंडनमध्येही निघाले. पुस्तकाची रचना चौदा-पंधरा वर्षांच्या जेम्स या मुलाला लिहिलेल्या पत्रांची आहे. शाळा आणि तरुण वाचक यांच्याबरोबरच शिपाई, खलाशी, उमेदवारी करणारे कारागीर आणि नांगरामागे चालणारी पोरे यांच्यासाठी हे पुस्तक आहे, अशी नोंद त्याने मुखपृष्ठावरच केली. नागरिकाला आपले हक्क सांगता आणि राखता यावेत, म्हणून व्याकरण शिकायचे. लॅटिन-ग्रीकची त्यासाठी काडीमात्र गरज नाही, ही त्याची भूमिका होती.

या पुस्तकात कॉबेटचा सर्वांत कडक पहारा असतो तो सर्वनामांवर, आणि त्यातही ‘इट’ या दोन अक्षरी शब्दावर. हा शब्द कागदावर उतरवण्यापूर्वी तो नेमका कशाबद्दल आहे याचा विचार करावा, असे तो मुलाला बजावतो. एकाच पानावर तो शब्द वारंवार दिसला, की लिहिणाऱ्याची त्याला धास्ती वाटते. मराठी वाचकाला ही धास्ती चटकन जाणवणार नाही, कारण मराठीत संसद ‘ती’, कायदा ‘तो’ आणि विधेयक ‘ते’ असते. वाक्यात पुढे नुसते सर्वनाम आले, तरी बोट कुणाकडे आहे हे लिंगावरून बरेचदा कळते. इंग्रजीत या तिन्हींसाठी ‘इट’ हाच एक शब्द. संसदेने विधेयक पाहिले, कायदा तपासला आणि ‘इट’ सदोष ठरले, असे एखाद्याने लिहिले, तर सदोष काय ठरले? संसद, कायदा की विधेयक? लिहिणाऱ्याच्या मनात उत्तर असते; कागदावर ते नसते. ‘ही’ या पुरुषवाचक सर्वनामाची गत वेगळी नाही. मंत्र्याने शेतकऱ्याला सांगितले, की ‘ही’ कर्जबाजारी आहे, एवढ्या वाक्यावरून कर्ज कोणाचे हे ठरत नाही. इथे तर मराठीचा ‘तो’ही आपल्या मदतीला येत नाही.

संबंधी सर्वनामांचेही असेच. दोन उपवाक्यांना ‘हू’, ‘विच’ आणि ‘दॅट’ हे शब्द सांधतात. मराठीत अशा सांध्याला दोन खिळे असतात. जो येईल तो, जे पेराल ते, अशी जोडी जुळते आणि नाते दोन्ही टोकांना पक्के होते. इंग्रजीत खिळा एकच. त्यामुळे तो योग्य नामाच्या शेजारी ठोकला नाही, तर वाक्य खिळखिळे होते. एका उमरावाच्या भाषणाची कोणी स्तुती केली, ‘विच’ मूर्खपणाचे होते, असे लिहिल्यास मूर्खपणा भाषणाचा की स्तुतीचा, हा प्रश्न उरतोच. त्यात ‘दॅट’ हा शब्द तर बहुरूपी. कधी तो वस्तू दाखवतो, कधी संबंधी सर्वनाम होतो, तर कधी मराठीतल्या ‘की’सारखा निव्वळ उभयान्वयी अव्ययाचे काम करतो. एका ओळीत तो तीन कामांसाठी तीनदा आला, तर वाचणाऱ्याची तारांबळ उडते.

उभयान्वयी अव्ययांकडेही कॉबेट त्याच सावधपणे पाहतो. ‘अँड’ने जोडलेली दोन एकवचनी नामे अनेकवचनी क्रियापद मागतात, ‘ऑर’ने जोडलेली तशी मागत नाहीत. नियम शाळकरी वाटतो. पण राजा आणि मंत्री जबाबदार आहेत, हे एक विधान आहे आणि राजा किंवा मंत्री जबाबदार आहे, हे दुसरे. पहिल्यात दोघेही बांधले जातात, तर दुसऱ्यात एकाला निसटण्याची वाट मोकळी राहते. समूहवाचक नामांना एकवचनी सर्वनाम लावावे की अनेकवचनी, याची चर्चा करताना तर कॉबेटने उदाहरणांची जी यादी दिली, तिच्यात जमाव आणि चोरांचा अड्डा यांच्या पंक्तीला त्याने संसद आणि आपल्याला शिक्षा देणारे किंग्ज बेंच न्यायालय बसवून दिले. नियम अचूक होता आणि सूडही पुरा झाला होता.

१८२३ च्या आवृत्तीत त्याने सहा धडे वाढवले. राज्यकर्त्यांना अशुद्ध लिहिण्यापासून परावृत्त करणे, हा त्यांचा घोषित हेतू. लोकसभागृहाचे सभापती, राजप्रतिनिधी म्हणून राजपुत्राने केलेले भाषण, परराष्ट्रमंत्री कॅसलरी आणि वॉटर्लूचा विजेता वेलिंग्टन यांची लेखी कागदपत्रे त्याने वाक्यावाक्याने सोलून काढली. मूळ पुस्तकात डॉ. जॉन्सनसारख्या थोर कोशकारालाही त्याने सोडले नव्हते. कोणत्या सर्वनामाला धनी नाही, कोणते अव्यय भलत्याच उपवाक्याला चिकटले आहे, हे तो दाखवत जातो. सामान्य माणसाचे अर्ज भाषेचे कारण सांगून परतवले जात होते. राज्य चालवणाऱ्यांची भाषाही त्याच कसोटीवर उतरत नाही, हे आता नांगऱ्याच्या मुलाला कळणार होते. हे पुस्तक हातोहात खपले आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. विल्यम हॅझलिटसारख्या चिकित्सक निबंधकारालाही ते गोष्टीच्या पुस्तकाइतके रंजक वाटले.

१८१९ साली कॉबेट इंग्लंडला परतला. एके काळी ज्याच्यावर त्याने चिखलफेक केली होती, त्या टॉमस पेनच्या अस्थी त्याने पश्चात्तापापोटी सोबत आणल्या होत्या. पुढील काळात घोड्यावरून गावोगाव हिंडून त्याने शेतमजुरांची दैना पाहिली आणि लिहिली; ती वर्णने १८३० साली ‘रूरल राइड्स’ या ग्रंथात एकत्र आली. त्याच वर्षी दक्षिण इंग्लंडात मजुरांनी मळणीयंत्रे फोडली, गंजी पेटवल्या. या उठावाला चिथावणी दिल्याचा आरोप ठेवून १८३१ साली सरकारने अडुसष्ट वर्षांच्या कॉबेटला पुन्हा न्यायालयात खेचले. त्याने वकील न देता स्वतःचा बचाव केला आणि प्रत्यक्ष मंत्र्यांना साक्षीसाठी बोलावले. ज्यूरींचे एकमत झाले नाही आणि त्याची सुटका झाली. १८३२ च्या सुधारणा कायद्यानंतर ओल्डम मतदारसंघातून तो निवडून आला. आयुष्यभर ज्या सभागृहाच्या चुका काढल्या, त्याच सभागृहात तो सदस्य म्हणून बसला.

या माणसाच्या थोरवीला डागही आहेत आणि ते झाकण्याजोगे नाहीत. ज्यूंविषयी त्याने अत्यंत विखारी लेखन केले. कृष्णवर्णीयांविषयीचे त्याचे उद्गार तुच्छतेचे होते आणि गुलामगिरीविरोधी चळवळीची त्याने टवाळी केली. इंग्रज मजुराचे दुःख एकेका माणसाच्या चेहऱ्यासह पाहणारा कॉबेट या समाजांविषयी लिहिताना मात्र ‘ते’ या एका अनेकवचनी सर्वनामात सर्वांना कोंबून मोकळा होत असे. प्रत्येक ‘इट’ला धनी आहे की नाही, हे तपासणाऱ्याने आपल्या ‘दे’ या शब्दामागे नेमके कोण उभे आहे, हे तपासले नाही. त्याचा स्वतःचा नियम त्याच्याच विरुद्ध साक्ष देतो.

१८ जून १८३५ रोजी सरे परगण्यातील नॉर्मंडी येथील शेतावर कॉबेटचा मृत्यू झाला. फार्नमच्या चर्चच्या आवारात, जन्मस्थानापासून हाकेच्या अंतरावर त्याचे दफन झाले. त्याची बरीचशी राजकीय भाकिते चुकली आणि त्याच्या व्याकरणातील काही नियमही आता कालबाह्य झाले आहेत. मात्र त्याने दिलेली सवय जुनी झालेली नाही. सरकारी पत्रक असो, करारनामा असो वा नेत्याचे भाषण. त्यातील प्रत्येक ‘तो’, ‘ते’ आणि ‘जो’ पाशी थांबून हा शब्द कोणाबद्दल आहे, असे विचारायचे. प्रत्येक ‘आणि’पाशी, ‘किंवा’पाशी थांबून यात कोण बांधला गेला आणि कोण सुटला, हे पाहायचे. चॅटमच्या छावणीत सहा पेन्सांवर राबणाऱ्या शिपायाने हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कुणाच्या परवानगीने मिळवला नव्हता. तो त्याने पाठ करून मिळवला होता.